अण्णांचा ओटा

"थोडं अलीकडं घाला, मावशी. हां! आता लावा जोर."

माझी माय गटारात बांबू घालत होती, आणि समोरच्या ओट्यावर बसून अण्णा तिला शिकवत होते. हातात चहाची बशी. शेजारी गल्लीतले आणखी तिघं-चौघं, सगळे रिटायर, नाकाला रुमाल लावलेले. मी दळण टाकून परत येत होते. मायनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पिंढऱ्यांवर काळं पाणी. उंटावरून शेळ्या हाकणारे लई पाहिले, पण माझ्या मायला हाकताना पहिल्यांदाच पाहिले.

आमची गल्ली सिडकोतली. घर माझं, वाळूजच्या कंपनीत राबून घेतलेलं. राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून बुद्धमूर्ती उतरली आणि गल्लीला आमची जात कळली. तेव्हापासून अण्णांच्या तोंडात एकच शब्द. तुमची लोकं.

ड्रेनेज कित्येक महिने तुंबत होतं. आमचं घर उताराला, म्हणून सगळ्यांची घाण पहिली आमच्या मोरीत यायची. आणि ही ओट्यावरची मंडळी रोज संध्याकाळी बसून रडायची. महापालिका भिकार, पुढारी चोर, हे शहर सुधारणार नाय. यातल्या एकानं तरी ऑफिसात जाऊन तक्रार द्यावी? नाव नको. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, खा मिटक्या मारत.

"तुला कुणी सांगितलं हे?" मी मायला विचारलं.

"अण्णा म्हणले, तुमच्या लोकांना सवय असती." माय खालच्या आवाजात बोलली. "आन घाण आपल्याच मोरीत येती ना, बाई. रडत बसण्यापरीस उरकून टाकावं."

अण्णांनी ऐकलं. लाजले? छे! उलट हसून म्हणाले, "व्हय तर. आम्हाला असलं जमत नाय. तुमच्या हाताला वळण असतं."

अंगाची लाही लाही झाली. माझ्या बापानं जन्मभर मोंढ्यात पोती उचलली. गटारात हात कधी घातला नाय. कसलं वळण? आणि खोटं कशाला बोलू, राग मायचाही आला. ते बसून रडत होते, ही मुकाट्यानं उपसत होती. दोन्हीत फायदा त्यांचाच.

मी तिच्या हातातून बांबू घेतला. आत सारला. ठक. पुन्हा सारला. पुन्हा तिथंच ठक. कंपनीत मी दिवसभर मालातली खोट शोधते, ती सवय आहे माझ्या हाताला. एक चेंबर गल्लीच्या तोंडाशी, एक आमच्या दाराशी. मधलं कुठं गेलं? मी बांबूच्या रेषेत वर पाहिलं.

अण्णा त्याच्यावर बसले होते.

"अण्णा, चेंबर तुमच्या ओट्याखाली आहे."

कुणी दचकलं नाय. अण्णा बशीत बघायला लागले, बाकीचे चपलांकडं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. थू तुमच्या शहाणपणावर.

मायचे हातपाय मी साबणानं धुतले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेले. उद्या या म्हणाले, उद्या गेले. साहेब नायत म्हणाले, तिथंच बसून राहिले. शेवटी साहेब वैतागून आले, नकाशा उघडला, ओट्यावर चपलेनं ठोकून बघितलं. फोडावा लागेल म्हणाले.

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या बसायच्या जागेला हात लावायचा नाय. मावशी करत्यात की साफ!"

"माझी माय तुमच्या ओट्याखाली हात घालणार नाय," मी म्हणाले. "ओटा फुटंल."

साहेबांना मी आधीच बजावलं होतं, मशीन आणा, माणूस आत उतरवायचा नाय. मशीन आलं. घण पडला. फरशी उडाली, खाली झाकण निघालं, मशीननं आतला गाळ ओढला आणि गल्लीभरचं पाणी गुडगुड करत गेलं.

कुणी चांगलं झालं म्हणालं नाय. संध्याकाळी त्याच जागेवर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आता रडगाणं धुळीचं. आणि माझं. "लई माजलीय," अण्णा म्हणाले, मला ऐकू जाईल असं.

व्हय, माजलेय. पुढं गल्लीतले बंद दिवे आहेत. तेही करून घेणार आहे, माझ्या मायला अंधारात ठेच लागते म्हणून. त्या उजेडात बसून यांनी खुशाल मला शिव्या द्याव्यात.

मायनं तो बांबू धुऊन दारामागं ठेवला होता. लागला तर असावा, म्हणाली. मी तो उचलला, रस्ता ओलांडला आणि सगळ्यांच्या देखत अण्णांच्या गेटला टेकवला.

"हा इथंच राहणार," मी म्हणाले. "पुन्हा तुंबलं तर तुम्ही घालायचा. जमत नसलं तर शिका."