खालाचं गरम पाणी

खालाला विचारून काही घ्यायची सवयच नव्हती. ती गावची मुसलमान सुईण. कुणाच्या दोरीवरचं जुनं लुगडं, कुणाच्या चुलीवरचं आधण, लागेल ते उचलायची आणि उंबऱ्याबाहेर पडल्यावर सांगायची, "नेलं बरं का!" पुसेगावाकडच्या आमच्या त्या गावातली निम्मी माणसं, हिंदूंची काय नि मुसलमानांची काय, तिच्याच हातावर जन्मलेली. तिला बोलणार कोण? मी बोलत असे. मी गिरणीवर इंजिन चालवायला होतो आणि माझा जन्म हिंगोलीचा होता.

गिरणी हिंगोलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची. तेलावर चालणारं, दोन भल्यामोठ्या चाकांचं इंजिन. ते गार राहावं म्हणून भिंतीपलीकडे गल्लीत लोखंडी टाकी होती. खालच्या नळातून गार पाणी इंजिनाकडे यायचं, तापलं की वरच्या नळातून आपोआप टाकीत परत जायचं. पंप नाही, काही नाही. एकच पथ्य, टाकीतलं पाणी वरच्या नळाच्या खाली उतरता कामा नये. उतरलं की फिरणं बंद, आतलं पाणी उकळायला लागतं आणि इंजिन जाम. "इंजिन जाम झालं त्या दिवशी तू घरी," असं शेटजींनी मला सुरुवातीलाच ऐकवून ठेवलं होतं.

एका श्रावणात इंजिन दुपार झाली की तापू लागलं. जळका वास यायचा, वरच्या नळात गुडगुडायचं. मी खालचा नळ सोडवून गाळ काढला. विहिरीचं पाणी जड, आत क्षार धरला असेल, म्हणून नळ ठोकून ठोकून साफ केले. पट्टा सैल केला, दळण थोडं थोडं टाकून पाहिलं. शेवटी हिंगोलीहून मिस्त्री आणला. त्याने सगळं उघडलं, पुन्हा लावलं, चहा घेतला आणि काही सापडत नाही म्हणून निघून गेला. टाकी मी रोज सकाळी स्वतः काठोकाठ भरत होतो, त्यामुळे तिच्याकडे संशयाने पाहावं असं मला सुचलंच नाही.

एकदा अंगावरचं पीठ झटकायला गल्लीत आलो तर खाला दगडावर उभी! टाकीचं झाकण बाजूला, आणि बाई निवांत घागर बुडवतायत.

"खाला, हे काय करून राहिली तू?"

"पानी घेऊन राहिले. दिसत न्हाई का? माळ्याची सून बाळंत झाली. लाकडं समदी वली. तुझं हितं फुकट तापून राहिलंय."

"अगं, मग नेलं तेवढं भरून तरी ठेवावं!"

"तापल्या अंगाला गार पानी? बाळंतिणीला देतो का आपन?"

"खाला, ते लोखंड हाय!"

"मंग तापतंय कशाला?"

मी झाकणाला कुलूप लावलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गिरणीवाल्याने बाळंतिणींचं पाणी तोडलं. जिच्या घरी मी पैसे देऊन जेवत होतो, ती म्हातारीसुद्धा माझ्यापुढे शिळी भाकरी आदळून गेली. तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं.

मग ठरलं असं की खालाने पाणी न्यायचं आणि मी भरायचं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. भिंतीपलीकडून हाक यायची, "गेलं रे पानी!" की मी दळण तसंच टाकून बादल्या घेऊन विहिरीकडे पळायचो. वर ती लोकांना सांगायची, "त्याचं इंजिन म्या नजर ठिवते म्हून बराबर चालतं." माझं डोकं फिरायचं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. एवढ्या वर्षांत स्वतःच्या अंघोळीला तिने त्यातलं तांब्याभर पाणी नेलं नाही. ऐन थंडीतही ती विहिरीवरच अंघोळ करायची. म्हणूनच मला तिच्यावर नीट रागावताही यायचं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या भादव्यात गाव भेदरून गेलं होतं. गिरणी बंद होती. खालाचा मुलगा तिला कायमचं हैदराबादला न्यायला आला. गाडी जुंपून झाली आणि तेवढ्यात गावातल्या कोंडबाची लेक बाळंतपणात अडली. खाला थेट माझ्या दारात.

"इंजिन लाव."

"दळायला दाना न्हाई, तेल मिळत न्हाई. शेटजी जीव घेईल माझा!"

"दाना कोन मागतंय? पानी तापव."

पट्टा उतरवला आणि रिकामं इंजिन चालू केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते नुसतं पाणी तापवायला चालवत होतो. खाला दोनदा घागर भरून घेऊन गेली. तिसऱ्यांदा आली नाही. तेल जळतंय, मी चडफडतोय, आणि बंद कर म्हणून सांगायला कुणी येत नाही. शेवटी तणतणत कोंडबाच्या घरी गेलो. कोंडबाची बायको दारात होती, हातात फडक्यात गुंडाळलेलं लेकरू.

"कवा झालं?"

"लई येळ झाला. पोरगी हाय. दोघी बी बऱ्या हाईत."

"अन् खाला?"

"गेली की. तिचं पोरगं दारातच बसून व्हतं, थांबू कुठं देतंय?"

"मला काहून सांगितलं न्हाई कुनी?"

"तीच म्हनली, त्याला इतक्यात सांगू नका. इंजिन बंद करील. पोरीला सांजच्याला बी पानी लागंल."

इतकी वर्षं जिच्याशी भांडलो, तिचा मला धड निरोपही घेता आला नाही. रडू आलं, आणि तिचा असा राग आला की विचारू नका. गिरणीवर परतलो, टाकीत दोन बादल्या ओतल्या आणि दिवस मावळेपर्यंत इंजिन चालू ठेवलं.