बाबांच्या मणक्यातलं कलम

मंडळी, दुपारपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझे बाबा आंब्याची कलमं बांधतात. चाळीस वर्षं वाकून वाकून त्यांच्या कमरेच्या मणक्यांमधली गादी झिजली. दोन महिन्यांपूर्वी मी सायबर कॅफेतून एक प्रिंट आणली. आपल्याच शरीरातल्या पेशी वाढवून गादीत सोडायच्या, म्हणजे ती पुन्हा भरून येईल, असं त्यात होतं.

बाबा खूश. "म्हणजे कलमच की गो!" तेव्हापासून व्यायाम बंद, ऑपरेशनही नको.

आज रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला. म्हणाले, "काका, हे अजून सशांवर चाललंय. माणसांसाठी कधी येईल, सांगता येत नाही."

"सशात धरलं काय?" बाबांनी विचारलं.

"काहींत धरलं. पण या गादीला रक्त जवळजवळ पोचतच नाही. सोडलेल्या पेशी जगवणंच कठीण."

आम्ही परत निघालो. एसटीत जागा होती, पण त्यांना बसवत नाही. घरापर्यंत दांडा धरून उभे राहिले. मीही उभी.

उतरल्यावर म्हणाले, "कातळावर कलम लावायचं तर मी आधी पाणी कुठनं येणार ते विचारतो. या खेपेस मुद्दाम विचारलं नाही गो. म्हटलं, विचारलं की नाही म्हणतील."

आता ते पालथे झोपलेत. तो कागद घडी करून परत उशाखाली ठेवलाय.

तुम्ही असता तर काढून घेतला असता?