ताईंचा ओटा

घर बांधून मग त्यात राहायला जाणारी माणसं सगळीकडे असतात. आधी राहून घेऊन मग घर बांधणारा माणूस मात्र अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. वयाने बरेच मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. ते मला पाहुना म्हणतात, आणि माझे केस पिकले तरी त्यांच्या लेखी मी पाहुणाच आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारात एका आडतीवर त्यांनी उभा जन्म काटा सांभाळला. हंगामात त्या आवारात पाय ठेवला की आपण शिंकून शिंकून बेजार होतो. दादा तिथे वर्षानुवर्षं उभे राहिले आणि कधी शिंकले नाहीत. आलेल्या माणसासमोर शिंकणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आलेल्या माणसाचं मन कशानेही दुखवायचं नाही, या एका गोष्टीवर त्यांनी आयुष्य काढलं.

नोकरी संपत आली तेव्हा त्यांनी रेल्वे लायनीपलीकडे, कालपरवापर्यंत शेत असलेल्या जागेत एक प्लॉट घेतला. प्लॉट कसला, दोन घरं बांधून झाल्यावर मध्ये उरलेली बोळच ती. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे तापीकाठच्या गावाहून आलेल्या एका गुजर कुटुंबाचं घर आणि त्याला चांगला लांबरुंद ओटा. दर रविवारी दादा कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की घेऊन प्लॉटवर जायचे आणि जमिनीवर खऱ्या मापाचं घर आखायचे. इथवर ठीक होतं. पण आखून झालं की ते त्यात राहायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ चालत त्यांच्याकडे निघालो, तर ते कळवळून म्हणाले, "पाहुना, भितमाईन काबर चालनात? दरवाजा तठे शे." मी निमूटपणे मागे फिरलो आणि दारातून आत आलो. थर्मासमधला चहा हॉलमध्ये झाला. बसून पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय लांब केला, तर दादा हळूच म्हणाले, "पाय न्हानीमा गया तुम्हना." मी पाय न्हाणीतून काढून घेतला. शेजारचं कुत्रं स्वयंपाकघरातून आरपार गेलं तेव्हा मात्र ते चिडले नाहीत. तिथे पुढेमागे मागचं दार काढावं का, याचा विचार करत बसले.

घराचं वेड लागल्यापासून त्यांच्या खिशात कायम टेप असे. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत त्यांनी मंगल कार्यालयाच्या पायऱ्या मोजलेल्या असत. कोरीटला आमच्या नात्यात एक म्हातारे वारले. आम्ही सांत्वनाला गेलो. बायका रडत होत्या, पुरुष माना खाली घालून बसले होते. दादांनी पाठीमागच्या भिंतीवर दोनदा बोटं वाजवली आणि मयताच्या मुलाच्या कानात विचारलं, "नऊ इंची का?" तो बिचारा रडता रडता हो म्हणाला. एकदा आम्ही डोंगरातल्या काठी गावची आदिवासींची होळी पाहायला गेलो होतो. पहाटे होळीचा तो उंच बांबू उभा राहिला तेव्हा सगळं रान माना वर करून पाहत होतं. दादा एकटे वाकून खड्डा किती खोल आहे ते पाहत होते.

ताईंना घरातलं काहीच नको होतं. त्यांना फक्त ओटा हवा होता. त्यांचा सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. घरमालकीण वाईट नव्हती, पण ओटा तिचा होता. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथे जमायच्या. कुणी मिरच्यांची देठं खुडायची, कुणी लसूण सोलायची. ताई आपली परात घेऊन काठावर बसायच्या. कुणी आलं की मालकीण म्हणायची, "जराशी सरक व माय, आम्हना पाव्हना उनात." आणि ताई परातीसकट उठून आत जायच्या. याबद्दल त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही. "जठे माले कोनी ऊठ म्हनाव नै, आसा एक ओटा पाहिजे, बस," एवढंच त्यांचं मागणं होतं.

दादांच्या पहिल्या आखणीत तो ओटा होता, आणि ऐसपैस होता. ताई त्या फक्कीच्या चौकोनात मातीवर गोणपाट टाकून बसल्या. जवळच्या मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिथे कामाला आलेल्या दोघीतिघी दुपारच्या सुट्टीत त्यांना पाहून थांबल्या. ताई म्हणाल्या, "या ना, बठा." त्या रेषेच्या आत येऊन बसल्या. यजमानीण झालेल्या ताईंना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा चेहराच निराळा दिसत होता.

तिथेच विटा रचायला घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण दादांचा नेम असा, की भेटेल त्याला आखणी दाखवायची, त्याचं मत विचारायचं, आणि त्याने मत दिलं की ते घरात घ्यायचंच. "त्यासनी आपलं समजीसन सांगं. त्यासनं मन कसं मोडानं?" त्यांची दाढी करणारा न्हावी म्हणाला, जिना बाहेरून घ्या, पुढे वरचा मजला भाड्याने देता येईल. जिना बाहेर आला, तो ओट्यावर आला. दादांच्या सुरतेला असलेल्या मुलाचे सासरे आले. व्याही म्हणजे पाहुण्यांतला पाहुणा. ते म्हणाले, जावईबापू गाडी घेतील तेव्हा ती काय रस्त्यावर ठेवणार? उरलेल्या ओट्याची गाडीची जागा झाली. व्याह्यांना स्टेशनवरून घेऊन आलेला रिक्षावाला चहा घेता घेता म्हणाला, गेट पत्र्याचं भरीव करा, आतलं काही दिसायला नको. तेही झालं. त्या लहानशा प्लॉटवर गावभरच्या सूचना मावल्या, कारण प्रत्येक सूचनेला जागा ताईंच्या ओट्यातूनच कापून मिळत होती. ताई अधूनमधून विचारायच्या, "आन ओटानं काय?" दादा हसून म्हणायचे, "ओटा कोठे पयी जाई ऱ्हायना? तो आपला घरनाच शे."

मला त्यांचा राग येतो. तेव्हा आला, आजही येतो. माणूस वाईट असता तर हिशेब सोपा होता. एकदा मी न राहवून म्हणालो, "दादा, सगळ्या गावाला विचारलंत, ताईंना विचारलंत का?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग अगदी निष्पापपणे म्हणाले, "तिले काय ईचारानं? ती काय पाव्हनी शे?"

अखेर बांधकाम सुरू झालं. भिंतींना पाणी मारायचं काम ताईंनी आपणहून घेतलं. सकाळ संध्याकाळ भाड्याच्या खोलीतून चालत यायच्या आणि नळी धरून एकेक भिंत भिजवायच्या. जिन्याच्या आणि गाडीच्या जागेच्या मध्ये एक वीतभर रुंद पट्टी उरली होती. मिस्त्रीने विचारलं, "दादा, ह्या पट्टानं काय करानं?" तिथे बसायचं म्हटलं तर लहान मूलही बसलं नसतं. दादांनी टेप लावून पाहिला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "चपला ठेवाले व्हई." ताई शेजारीच उभ्या होत्या. भिंत भिजवून झाल्यावर त्यांनी त्या पट्टीवरही पाणी मारलं.

वास्तुशांतीला जो आला तो खूश झाला, कारण प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडत होतं. न्हावी लोकांना स्वतः जिना दाखवायला नेत होता. व्याह्यांनी कौतुकाने आपली गाडी गाडीच्या जागेत घातली. गाडी बसली, पण दार उघडेना. आत व्याही, बाहेर आम्ही, आणि दोन्हीकडून एकमेकांना नमस्कार. शेवटी त्यांनी ती तशीच मागे घेऊन रस्त्यावर लावली. मुलाने अजून गाडी घेतलेली नाही. तो सुरतेहून रेल्वेनेच येतो. ती जागा रिकामीच पडून असते. तिला गाडीसाठी उतार दिलेला, त्यामुळे खुर्ची ठरत नाही, आणि भरीव गेटमुळे आत बसलं तर रस्त्यावरचं माणूस दिसत नाही. ताईंनी दोनचार दिवस तिथे पाट टाकून बसून पाहिलं. मग एका संध्याकाळी परात उचलली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या गुजरांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आता रोज तिथेच बसतात.

परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळ होती. दादा नव्या हॉलमध्ये एकटेच बसले होते. त्यांनी मला सगळं घर पुन्हा एकदा दाखवलं, नव्या पाहुण्याला दाखवावं तसं. मग आम्ही खिडकीशी बसलो, तिथून गेटच्या वरून पलीकडचं दिसतं. समोरच्या ओट्यावर चारपाच बायका होत्या, ताई काठावर. कशावरून तरी सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. तेवढ्यात त्या घरी मोटारसायकलवर कुणी नवराबायको आले. कुणी काही म्हणालं नाही, पण ताई सरकल्या, मग उठल्या, आणि परात कमरेला लावून ओट्याखाली उभ्या राहिल्या. घर हाकेच्या अंतरावर होतं. त्या आल्या नाहीत. जागा होईल म्हणून वाट पाहत राहिल्या.

दादा खिडकीतून बघत होते. मग म्हणाले, "ती आठे काबर येत नै, पाहुना?" त्यांना खरंच कळत नव्हतं की नुकतंच कळलं होतं, मला सांगता येणार नाही. ते उठले, हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची उचलली, गेट उघडलं आणि रस्त्याच्या कडेला, आपल्याच घरासमोर, ती ठेवली. ताईंना हात केला. ताईंनी हसून मान हलवली. तोवर ओट्याच्या कोपऱ्यावर जागा झाली होती. त्या बसल्या आणि देठं खुडू लागल्या. दादा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले आणि मग स्वतःच तिच्यावर बसले, ताईंकडे तोंड करून. मिरचीची पोती भरलेला एक टेम्पो आला आणि हॉर्न वाजवू लागला. दादा उठले, खुर्ची उचलून गेटाशी सरकले, आणि टेम्पो गेल्यावर ती पुन्हा तिथेच ठेवली. थोड्या वेळाने दुसरी गाडी आली, तेव्हाही ते उठले. समोरून ताई पाहत होत्या. त्यांचा खुडता हात थांबला होता.