कृत्तिकांमधला ढग

वहिनींचं कार्ड जळगावला पोचलं तेव्हा अण्णांना जाऊन पाच दिवस झाले होते. ‘कळवायला उशीर झाला, भाऊजी,’ असं शेवटी लिहिलं होतं... महिना उलटला, तरी ती ओळ आठवली की वाटतं, उशीर तर मीच केला.

बुऱ्हाणपूरला आम्ही एकाच शाळेत मास्तर. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या गच्चीवर स्वतः आरसा घासून केलेली दुर्बीण होती. कृत्तिकांच्या झुमक्यात धुळीचा एक ढग आहे. त्याला स्वतःचा उजेड नाही, ताऱ्यांच्या उजेडावर तो चमकतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोच्या काचेवर उतरतो. तो आपल्या गच्चीवरून उतरवायचा, हा अण्णांचा ध्यास. नळीला जुना कॅमेरा बांधायचा आणि तासभर दुर्बिणीला डोळा लावून, सरकत्या आकाशातला एक तारा जागचा हलू न देता हाताने स्क्रू फिरवत राहायचं. मी घड्याळ बघायचो.

मग भाषावार राज्यं झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. मराठीचे वर्ग कमी होणार अशी बोलणी सुरू झाली. मी जळगावची नोकरी धरली, पण अण्णांना सांगायची हिंमत होईना. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, फोटो अर्ध्यावर आलेला असताना, अंधारात तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, बोलून गेलो.

“जाऊन राहिला तू?” डोळा न काढता त्यांनी विचारलं.

“हो, अण्णा.”

स्क्रूवरचा हात थांबला. काच धुतली तेव्हा प्रत्येक ताऱ्याची रेघ झालेली. “वारा होता,” अण्णा म्हणाले. वारा नव्हता.

दोन हिवाळ्यांनी त्यांचं पत्र आलं : ‘ढग उतरला. येऊन बघ.’ मी दिवाळीत येतो म्हणालो, मग मे महिन्यात... तशी तीन वर्षं गेली.

परवा गेलो. वहिनींनी काच हातात दिली. खिडकीशी धरली. अशा काचेवर तारे काळे दिसतात. खालच्या ताऱ्याला लागून, ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक पुसट डाग होता.

“कुठे बघायचं ते त्याला सांगू नको म्हणायचे,” वहिनी म्हणाल्या. “त्याचं त्याला सापडू दे.”

दिवेलागण झाली. बोलता बोलता वहिनी उठल्या, जिन्याजवळचा कंदील उचलून आतल्या खोलीत ठेवून आल्या, आणि दाराशीच थबकल्या.

“गच्चीवर उजेड जातो म्हणून...” त्या म्हणाल्या.

कंदील परत आणायला आम्ही कुणीच गेलो नाही.