रंध्याची कानटोपी

दादा गेला त्याच्या आठच दिवस आधी मी कोराडीला त्याच्याकडे गेले होते. डिसेंबरची कडाक्याची थंडी, आणि हा उघड्या कानांनी अंगणात बसून हत्यारं पुसत होता. मी विणून दिलेली लोकरीची कानटोपी घातली होती रंध्याला! माझं डोकंच फिरलं. "काहून गा दादा, यासाठी विणली होती काय मी?" तर हसून म्हणतो, "माह्या कानाले गंज चढत नाही वं, सुमे."

जन्मभर सुतारकाम केलं त्यानं. दिवाळी सरली की पटाशा, करवती, रंध्याची पाती, सगळ्यांना मशीनचं तेल लागायचं, वर जुन्या लुगड्याची चिंधी, आणि पेटी दोन विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. थंडीत लोखंडाला घाम येतो, म्हणायचा. ओल्या हातानं कुणी पेटीला शिवलं, तर जावई असो की पाहुणा, खेकसायचा. मंदीवर मात्र कधी नाही. ही त्याची लेक. त्याच्याच हाताखाली शिकली, आज दारं-खिडक्या बनवून घर चालवते. "पेटी मंदीची," हे त्यानं आम्हा सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

दहाव्याला मंदी नदीवर गेली आणि इकडे आमच्या काकूंनी सुतक फिटलं म्हणून घर धुवायला काढलं. भांडी धुतली, पलंग धुतला... आणि पेटी उघडून एकेक हत्यार साबणानं, तेलाचा थेंब राहणार नाही असं, घासलं. वाळायला गच्चीवर मांडलं आणि विसरल्या. तीन रात्रीचं दव. तेराव्याला मंदी वर गेली तेव्हा सगळं तांबडं झालं होतं. ती तिथंच बसली. मी भर पंगतीत काकूंवर तुटून पडले. "शुद्ध तं केलं वं, वाईट काय केलं?" काकू म्हणाल्या. जन्मभर ज्यानं त्या लोखंडाला पाणी लागू दिलं नाही, त्याच्याच नावानं ते बुडवलं! अजून आठवलं की अंगाची लाही होते. त्या धुण्याच्या पाण्याच्या बादल्या मीच भरून दिल्या होत्या, हे मात्र ओरडताना मी सांगितलं नाही. त्या लाहीत तेही आहेच.

परवा गेले तर मंदी फळी रंधत होती. रंधा फिरला की फळीवर बारीकशी उंच रेघ उरत होती. मी म्हटलं, पातं घासून घे ना.

"गंजाचा खड्डा खोल गेला, आत्या. लवकर नाही निघत."

काम आटोपल्यावर तिनं पात्याला तेल लावलं, चिंधी गुंडाळली, वर कानटोपी चढवली. मी पेटी उचलायला वाकले, तशी म्हणाली, "आत्या, हात कोरडे हायेत ना?"

मी पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले.