बागायतदारांची लेक दूध घालायला येते

"काका, फॅट बघा की. माझं तोंड काय बघताय?"

काट्यावर कॅन आदळून ती रोज हे म्हणायची. शिरोळकडच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सचिव. एकोणीस वर्षांत फॅटचा आकडा एका पॉइंटनं चुकवलेला नाही आणि माणसांची तोंडंही फारशी बघितलेली नाहीत. पण बत्तीस एकर उसाच्या मालकाची लेक रांगेत उभी राहिली, तर बघणारच की. तुम्हीही बघितलं असतं.

पाठवलं होतं वडिलांनीच. त्यांच्या उसात भांगलायला येणाऱ्या बाईचा मुलगा फौजेत. लेकीचं मन त्याच्यावर बसलंय हे कळल्यावर त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला आणि मला म्हणाले, "सचिव, घरात नुसती धुसफुसती. दूध घिऊन येऊ दे. तुमच्या नजरंखाली ऱ्हाईल."

अकरा म्हशींचा हा मालक, पण दूध कायम गड्यांनीच घातलेलं. रांगेत कोण कोण असतं, हे त्यांना कुठून ठाऊक? दीड लिटरची किटली घेऊन त्या फौजीची आई रोज तिथंच असायची. लेक बरोबर तिच्या मागं. साडेसहाला मुलाचा फोन आला की बाई म्हणायची, "माझं हात वलं हायती," आणि फोन मागं द्यायची. मी फॅट बघायचो.

बागायतदारांनी एकदा विचारलं, "कुणाशी बोलती का?"

मी खोटं बोलत नाही. "रांगेतल्या पुढच्या बाईशी."

"बाई हाय न्हवं? बोलू दे मग."

मग सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि फोन बंद झाला. नऊ दिवस. पोरगी मला टोमणा मारायचंही विसरली. तिकडं बागायतदारांनी लेकीला बघायला रविवारी एक डॉक्टर बोलावला.

शनिवारी फोन वाजला. बाईनं तो कानाला न लावताच मागं दिला.

"मेला न्हाईस न्हवं? मग फोन करायला काय झालतं रं, मुडद्या?"

एवढं ओरडून पोरगी कॅनवर बसली आणि हमसून हमसून रडली. रांगेत अठ्ठावीस माणसं होती. आठ वाजायच्या आत बागायतदार माझ्यासमोर उभे.

"तुम्ही तर बाईशी बोलती म्हणालता!"

"बाईशीच बोलत होती."

त्यांनी दिलेली शिवी चार शब्दांची होती. त्यातला एकही इथं लिहिता येत नाही.

डॉक्टर ठरल्याप्रमाणे आला. तिनं त्याच्यासमोर बशी ठेवली आणि सांगितलं, "मी एकाची वाट बघती. तुम्ही पोहे खाऊन जावा." त्यानं खाल्ले, असं ऐकतो.

फौजी सुट्टीवर आल्यावर नोंदणी करून लग्न झालं. माहेरचं कुणी आलं नाही. ती नवऱ्याबरोबर लांब उत्तरेत गेली.

मागच्या महिन्यात बागायतदार संस्थेत आले. हातात कॅन नाही, काही नाही. रांगेच्या कडेला उभं राहून त्या बाईला हळूच म्हणाले, "कशी हाय ती?"

बाई जन्मभर त्यांना मालक म्हणत आली होती. त्या दिवशी म्हणाली, "पावणं, मला काय इचारताय? लेक तुमची हाय. नंबर देती, लावा की."

बागायतदारांनी माझं पेन मागितलं आणि बाई सांगेल तसे दहा आकडे तळहातावर लिहून घेतले. मी बाईच्या फोनमधल्या नंबराशी ताडून पाहिले. बरोबर होते.