उजव्या बाजूची सीट

आमच्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला होतं. पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

गाडी जर्मन होती. नवऱ्याने आखातातली नोकरी सोडून येताना ती बोटीने आणली. दिसायला एखाद्या साहेबाच्या गाडीसारखी साधी, चार दारांची. पण त्याने पाय नुसता टेकवला की आमच्या पाठी सीटला चिकटायच्या. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. भुईगावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. अशी गाडी दुसऱ्या कोणी ताडपत्रीखाली झाकली असती आणि नाताळात, लग्नकार्यात बाहेर काढली असती. माझ्या नवऱ्याने ती रोज वापरायची ठरवली, बाराही महिने. "गाडी काय पुजायला आणली?" असं तो विचारणाऱ्याला विचारायचा.

गाडीला आमचं गाव काही मानवलं नाही. तिचं पोट जमिनीला टेकलेलं. वाडीतून बाहेर पडताना पाण्याच्या मोरीवर ते खर्रकन घासायचं, आणि स्वतःच्या पोटाला खरचटल्यासारखा नवरा कळवळायचा. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचलं की मी चपला हातात घेऊन पुढे चालायचे, पाणी किती खोल आहे ते दाखवत. मागून गाडी मुंगीच्या पावलांनी यायची. सासूबाईंना तिचा एकच उपयोग पटला होता. संध्याकाळी गाडी दारात आली की गरम बॉनेटवर त्या सुकेळ्यांचं, म्हणजे वाळत घातलेल्या केळ्यांचं, सूप ठेवायच्या. "ऊन गेला तरी हय चूल तापलेली हाय," म्हणायच्या. तो चिडायचा, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

सकाळी आम्ही तिघं निघायचो. तो, मी आणि मागच्या सीटवर आमची दहा वर्षांची मुलगी. मी दहिसरला शाळेत शिकवायचे, मुलगी त्याच शाळेत होती, आणि त्याचा कारखाना वाटेतच हायवेला लागून होता. रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला जायचं, हायवे धरायचा, खाडीपूल उतरला की पलीकडे आपापली कामं. हायवे तेव्हा दुपदरी. जाणारे आणि येणारे एकाच डांबरावर, मध्ये काही नाही. आणि पुढे कायम लॉरी.

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते. ड्रायव्हरही डावीकडेच बसलेला असला की पुढच्या लॉरीपलीकडचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्या माणसाला. म्हणजे मला.

तो लॉरीमागे येऊन गाडी जराशी उजवीकडे सरकवायचा. मी खिडकीतून मान काढून समोर बघायचे आणि एक शब्द बोलायचे: "घे" किंवा "थांब". "घे" म्हटलं की तो पाय दाबायचा, आणि लॉरी दरवाजासारखी बाजूला व्हायची. आमचा नियम एकच होता. दिलेलं "घे" परत घ्यायचं नाही. अर्ध्यातून कचरलं तर पुढेही नाही आणि मागेही नाही. दोन वर्षं हे असं चाललं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची घमेंड होती. गाडी तो चालवायचा, पण माझ्या शब्दावर.

तिसऱ्या वर्षी ईस्टरनंतर वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरांची तोंडं मला ओळखू येईनाशी झाली. चष्मा लागला असेल म्हणून मधल्या सुट्टीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध घालून बराच वेळ आत पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय, दोन्ही डोळ्यांत. चष्म्याने काही होणार नाही. पूर्ण आंधळ्या होणार नाही, बाई. पण ज्याच्याकडे सरळ बघाल तेच पुसट होत जाईल, कडेचं दिसत राहील.

घरी मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

का नाही सांगितलं, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी ठरवाल. नवरा आठ वर्षं आखातात होता. वर्षातून एक महिना घरी. त्याच्या जुन्या कंपनीचं पत्र कपाटात होतं, केव्हाही परत ये म्हणून. इथला पगार आणि इथला फोरमन दोन्ही त्याला टोचायचे. दिवसातला एकच तास तो खूश असायचा, हायवेवरचा. लॉरीमागे अडकला की म्हणायचा, "असं रांगायचंच असेल तर बैलगाडी काय वाईट होती? विकतो ही गाडी आणि जातो परत." थट्टेतच म्हणायचा. पण त्याची थट्टा मला माहीत होती. पहिल्यांदा गेला तेव्हाही महिनाभर थट्टाच करत होता. मी डोळ्यांचं सांगितलं असतं तर गाडी गेली असती, आणि गाडीच्या मागोमाग तो. हा माझा हिशेब.

मग मी "थांब" जास्त म्हणू लागले. शंका आली की थांब. पुढचं धूसर वाटलं की थांब. सरळ न बघता जरा तिरकं बघितलं की लॉरीची कड दिसायची, म्हणून मान वाकडी करून बघायला शिकले. तेही महिन्याभरात पुरेनासं झालं. तो वैतागू लागला. "रस्ता मोकळा होता! तुला झालंय काय? घाबरायला लागलीस?" मुलगी मागून म्हणायची, "आई, ती लुना पण पुढं गेली." रोज सकाळी गाडीत बसताना माझे तळहात ओले असायचे. मी पदराला पुसायचे आणि मनात प्रार्थना म्हणायचे. देवाला तरी काय तोंडाने मागत होते कोण जाणे.

जुलैतली गोष्ट. बारीक पाऊस होता. पुढे पेंढा लादलेली लॉरी, पेंढा दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. पाच-सहा मैल तिच्या मागे रांगत होतो. मी चार वेळा थांब म्हणाले. पाचव्या वेळी तो नुसता हसला. ते हसू मला सहन झालं नाही. मी मान बाहेर काढली. रस्ता राखाडी, आभाळ राखाडी, मधोमध माझा तो रोजचा डाग.

"घे," मी म्हणाले.

त्याने घेतलं. लॉरीच्या मागच्या चाकाशी आलो आणि माझ्या डागातून एसटी बाहेर आली. लालभडक, अख्खी, समोर. मी ओरडलेही नाही. आता ती त्यालाही दिसत होती. त्याने ब्रेक लावला नाही. पाय खालपर्यंत दाबला. इंजिनाचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. एसटीचा हॉर्न कानाच्या आत गेला, पेंढ्याचा फटकारा काचेवर बसला, आणि आम्ही पलीकडे होतो. मागे मुलगी रडत होती.

तो मात्र हसत होता. स्टिअरिंगवर थापा मारत होता. "बघितलंस? दुसरी कुठलीही गाडी असती तर खलास! तुला बरोबर कळलं किती जागा हाय ते!"

त्याला वाटलं, मी एसटी बघून, अंदाज घेऊन "घे" म्हणाले.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात त्याने सगळ्यांना हेच सांगितलं. "माझी बायको भलत्या काळजाची हाय." पुरुष माझ्याकडे आदराने बघत होते. एकाने तर हात जोडले. शरमेने मला तोंड वर करवेना. मुलगी शेजारी उभी होती आणि वडिलांचं बोलणं ऐकून हसत होती, रडली होती ते विसरून. ते हसणं बघवेना मला.

सोमवारी मुलगी सर्दीने घरी होती, गाडीत आम्ही दोघंच. पुढे एक टँकर आला. नवऱ्याने गाडी उजवीकडे सरकवली आणि डोळे मिचकावून म्हणाला, "हं, परवासारखं."

"मला दिसत नाही," मी म्हणाले.

"मग थांबू."

"तसं नाही. मला दिसतच नाही. ईस्टरपासून. परवाची एसटीसुद्धा दिसली नव्हती."

त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. लॉऱ्या जात राहिल्या आणि आमची गाडी हलत राहिली. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, कपाटातल्या पत्राचं. तो समोर बघत ऐकत होता.

"म्हणजे मी जाऊ नये म्हणून," तो म्हणाला, "तू मला मारायला निघाली होतीस."

त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"गेलो असतो तर पत्रं तरी आली असती. आणि मागं पोर होती. पोर होती मागं!"

त्या दिवशी आम्ही दहिसरपर्यंत कुठल्या तरी लॉरीच्या मागेच गेलो. त्यानंतर दीड महिना तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मी रोज वाट बघायचे की आज तो पत्र काढेल, आज गाडीला गिऱ्हाईक आणेल. मुलीला त्याने मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन तिचे डोळे तपासून घेतले. ते चांगले निघाले. मलाही नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. आणि सकाळी आम्ही त्याच गाडीतून जायचो, मी उजवीकडे, समोर कुठली तरी लॉरी. तो आता ओलांडत नव्हता. मागचे लोक हॉर्न मारायचे, शिव्या देऊन पुढे जायचे. एवढ्या ताकदीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये धुसफुसत राहायचं.

एके सकाळी पुलावर लॉरीच्या मागे उभे असताना त्याने विचारलं, "आज किती दिसतं?"

"बरं दिसतं," मी म्हणाले. सवयीने.

"खरं सांग."

मी त्याच्याकडे वळले आणि सरळ बघितलं. इतके दिवस तसं बघायचं मी टाळत होते.

"तुझं नाक नाही दिसत," मी म्हणाले. "डोळेपण नाही. कान दिसतात."

पुढची लॉरी हलली. मागून हॉर्न वाजू लागले.  मग त्याने गिअर टाकला.

"कान पुरेत," तो म्हणाला. "रोज सांगत जा."